कोणाच्या मापाने?

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या गगनबावड्यातून करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट खाली कोकणात उतरतात. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडतो तो याच तालुक्यात. जून-जुलैमध्ये ढग जणू गावातच मुक्कामाला येतात आणि कित्येक दिवस ऊन दिसत नाही. अशा पावसात भाताच्या खाचरांत रोपांची लावण चालते. चिखलात पाय रोवून, कमरेतून वाकून, एका हातात रोपांची जुडी धरून आणि दुसऱ्या हाताने एकेक रोप चिखलात खोवत बायका ओळीने मागे मागे सरकत जातात. हे काम करणाऱ्यांत बायकाच अधिक असतात.

पूर्वी अशा वेळी त्यांच्या डोक्यावर इरले असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणायचा, त्यावर झाडाची रुंद पाने बसवायची, की झाले इरले. ते डोक्यावर अडकवायचे आणि पाठीवर सोडायचे. उभ्या माणसाच्या अंगावर इरले ओबडधोबड दिसते. पण तीच व्यक्ती कमरेतून वाकली की ते बरोबर डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते. छत्री धरायला एक हात अडकतो. इरल्यात दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणजे इरल्याचे माप उभ्या माणसाचे नसते, वाकलेल्या माणसाचे असते. ज्याने कोणी ते पहिल्यांदा बनवले, त्याने काम करणारे शरीर नीट पाहिले होते. आता इरल्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने आणि रेनकोटने घेतली आहे.

इरल्याचे फार कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. भिजले की ते जड होते आणि वारा आला की उलटू पाहते. शिवाय इरल्याने पाऊस अडवला, कंबर वाचवली नाही. दिवसभर वाकलेली पाठ इरल्याखाली असली तरी दुखायची ती दुखतेच. तरीही वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाला जुळवून करावी, ही साधी समज त्यात आहे. आज कारखान्यांत होणाऱ्या पुष्कळ वस्तूंत ती दिसत नाही, म्हणून इरल्यापासून सुरुवात केली.

माणसाच्या शरीराची मापे घेण्याच्या शास्त्राला मानवमिती म्हणतात. त्या मापांचा उपयोग करून हत्यारे, यंत्रे, बसण्याची आणि काम करण्याची जागा माणसाला सोयीची कशी करावी, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे अर्गोनॉमिक्स. ग्रीक भाषेत ‘अर्गोन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. पोलंडमधील एका शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा शब्द प्रथम वापरला. शब्द नवा असला तरी कल्पना आपल्याला परकी नाही. मराठीतली जुनी मापे आठवून पाहा : बोट, मूठ, वीत, हात, पाऊल, वाव. उर्दूत जिला बालिश्त म्हणतात तीच ही वीत. धान्य ओंजळीने मोजायचे, मीठ चिमटीने घालायचे आणि विहीर किती पुरुष खोल आहे ते विचारायचे. सगळी मापे अंगावरचीच. मोजपट्टी घरी विसरण्याची भीती नाही.

पण या मापांत एक अडचण होती. तुमची वीत आणि तुमच्या वडिलांची वीत सारखी नसते. कापड विकणाऱ्याचा हात आखूड आणि विकत घेणाऱ्याचा लांब असला की भांडण ठरलेले. म्हणून राज्यकर्त्यांना कोणाचे तरी एक शरीर प्रमाण म्हणून ठरवावे लागले. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी म्हणजे एक अंगुल, असे सांगितले आहे. अकबर बादशहाने इलाही गज सुरू केला, तो एकेचाळीस बोटांचा होता. व्यापारासाठी आणि जमीन मोजण्यासाठी हे आवश्यकच होते. कापड मोजताना सगळ्यांना एकच गज लागतो, यात वाद नाही.

मात्र कौटिल्याच्या व्याख्येतले दोन शब्द लक्षात ठेवा : ‘मध्यम’ आणि ‘पुरुष’. कापड मोजायला मध्यम पुरुषाचे बोट चालते. पण विळ्याची मूठ, शाळेचा बाक, बसची पायरी आणि स्वयंपाकघरातला ओटा यांसाठीही तोच मध्यम पुरुष धरला, तर काय होईल? मध्यम नसलेल्यांनी आणि पुरुष नसलेल्यांनी काय करायचे?

गावात सुतार आणि लोहार होते तोवर हा प्रश्न फारसा पडत नव्हता. खुरप्याला मूठ बसवताना ती कोणाच्या हातात जायची आहे हे सुताराला ठाऊक असे. हातात धरून पाहा, जाड वाटली तर तासून देतो, असे तो म्हणे. शिंपी आजही तेच करतो. तो खांद्याला, छातीला, बाहीला फीत लावतो, मगच कापडाला कात्री लावतो. कारखान्याला ते शक्य नाही. तेथे एका साच्यातून हजार वस्तू निघतात आणि त्या कोणाच्या हातात जाणार हे साचा करणाऱ्याला माहीत नसते. मग तो एक काल्पनिक माणूस समोर धरतो. बहुतेक वेळा हा माणूस ‘सरासरी’ असतो.

सरासरी काढायला तुम्ही गणितात शिकला आहात. वर्गातल्या सर्वांची उंची मिळवली, मुलांच्या संख्येने भागली, की सरासरी उंची आली. उत्तर बिनचूक येते. पण त्या उत्तराएवढा मुलगा किंवा मुलगी वर्गात सापडेलच असे नाही. आणि उंची सापडली, तरी त्याचा हातही सरासरी लांबीचा असेल कशावरून?

याचा शोध अमेरिकेच्या हवाई दलात लागला. १९५० च्या सुमारास तेथे विमानांचे अपघात फार होत होते. विमान चालवण्याची जागा १९२६ मध्ये घेतलेल्या वैमानिकांच्या मापांच्या सरासरीवर बेतलेली होती. आता माणसे मोठी झाली असतील, नवी सरासरी काढू, असे अधिकाऱ्यांना वाटले. म्हणून चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेण्यात आली. या कामावर गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण लेफ्टनंट होता. त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला : यांतले किती वैमानिक खरोखर सरासरी आहेत? त्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली. सरासरीच्या थोडे खाली आणि थोडे वर असलेल्यांनाही त्याने सरासरीच मानले. तरीसुद्धा ४,०६३ वैमानिकांपैकी दहाही मापांत सरासरी बसणारा एकही निघाला नाही. एकही नाही! कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती रुंद तर कंबर बारीक. सरासरी माणसासाठी बनवलेली ती जागा प्रत्यक्षात कोणासाठीच बनलेली नव्हती.

हवाई दलाने यातून जो धडा घेतला तो आज मोटारीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडतो. जागा माणसाला जुळवता आली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. मग पुढे-मागे सरकणारी खुर्ची आली, पायाजवळच्या कळा हलवता येऊ लागल्या, शिरस्त्राणाचे पट्टे कमी-जास्त करता येऊ लागले. इतका खर्च परवडणार नाही, असे विमाने बनवणारे कारखानदार आधी म्हणत होते. पण तसेच पाहिजे असे ठरल्यावर त्यांच्या अभियंत्यांनी उपाय शोधून काढले आणि ते फारसे महागही पडले नाहीत. परवडत नाही, हे वाक्य ऐकले की मला ही हकीकत आठवते.

मग मापे घ्यायची तरी कशी वापरायची? शंभर माणसे उंचीप्रमाणे ओळीत उभी करा. सर्वांत बुटका पहिला, सर्वांत उंच शंभरावा. आता दार किती उंच ठेवायचे? पन्नासाव्या माणसाएवढे ठेवले तर निम्म्यांची डोकी आपटतील. म्हणून दारासाठी ओळीच्या शेवटाकडे, पंच्याण्णवाव्या माणसाकडे आणि त्याच्याही पुढे पाहायचे. भिंतीवरची फळी किती उंच लावायची? इथे उलटे. पाचव्या माणसाचा हात पोहोचला की पुढच्या बहुतेकांचा पोहोचतोच. जिथून जायचे तिथे मोठ्यांचे माप, जिथे पोहोचायचे तिथे लहानांचे माप. आणि जिथे या दोन्हींनी भागत नाही, उदाहरणार्थ बसण्याची जागा, तिथे वस्तू कमी-जास्त करता आली पाहिजे किंवा ती दोन-तीन आकारांत तरी मिळाली पाहिजे. या शास्त्रात याहून बारकावे पुष्कळ आहेत, पण मूळ सूत्र एवढेच आहे.

आता तुमच्या वर्गातला बाक पाहा. आठवी ते दहावीचे वय म्हणजे झपाट्याने वाढण्याचे वय. एकाच इयत्तेत एकाची उंची वडिलांच्या खांद्याला लागलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. मुलींची वाढ मुलांच्या आधी सुरू होते. तरीही सर्वांना बाक एकाच उंचीचे मिळतात. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याच्या मांडीखाली बाकाची कड रुतते आणि थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात. मग तो पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसतो आणि पाठीचा आधार सुटतो. ज्याचे पाय लांब आहेत, त्याचे गुडघे वरच्या फळीला आपटतात आणि त्याला आडवे बसावे लागते. मग ‘नीट बस’ म्हणून दोघांनाही बोलणी बसतात. माझे म्हणणे असे की नीट बसता येईल असा बाक आधी द्यावा, मग नीट बस म्हणावे.

दप्तराच्या ओझ्याबाबत आपण हा शहाणपणा थोडाफार दाखवला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदेश काढला की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. यात दप्तर अमुक किलोचे असावे असा एकच आकडा सर्वांना लावलेला नाही. ज्याचे जेवढे शरीर, तेवढे त्याचे ओझे, असा तो हिशेब आहे. आदेश पाळला जातो का, हा वेगळा प्रश्न. पण मापण्याची रीत योग्य आहे. हीच रीत बाकाला का लावू नये?

येथे एक आक्षेप हमखास येतो. लोक म्हणतात, ‘‘सवय होते हो! आम्ही नाही का जमिनीवर बसून शिकलो? आमच्या आजीने नाही का जन्मभर वाकून शेती केली?’’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. माणसाचे शरीर खरोखरच फार जुळवून घेते. जमिनीवर बसण्यातही गैर काही नाही. मदरशात किंवा घरी कुरआन वाचताना पुढे जी रेहाल ठेवतात, ती मांडी घालून बसलेल्याच्या नजरेला आणि हाताला बरोबर जुळते. पोथी ठेवण्याची लाकडी घोडीही तशीच. जमिनीवर बसणाऱ्यासाठी विचार करून केलेल्या या वस्तू आहेत. त्यामुळे प्रश्न खुर्ची की जमीन हा नाहीच. पण आजीला सवय झाली असे म्हणणारा आजीला विचारत नाही. साठी ओलांडलेल्या किती बायका ताठ चालतात, ते गावाच्या बाजारात उभे राहून पाहावे. त्यांच्या शरीराने जुळवून घेतले, पण फुकट नाही. कंबर, गुडघे आणि मान यांनी त्याची किंमत दिली. वस्तू बदलायला पैसे पडतात, ते हिशेबाच्या वहीत दिसतात. कंबर दुखते ती कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. म्हणून वस्तू महाग आणि कंबर स्वस्त वाटते.

घरातलेच उदाहरण घ्या. नवे घर बांधताना स्वयंपाकाचा ओटा किती उंच ठेवायचा हे गवंडी ठरवतो, नाहीतर घरमालक. बत्तीस इंच, चौतीस इंच, जो आकडा हाताला बसला आहे तो. ज्या बाईला रोज कित्येक तास त्या ओट्यापाशी उभे राहायचे आहे, तिचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे हे कोणी मोजत नाही. मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. कोपरापेक्षा ओटा थोडा खाली असला, की पोळी लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत आणि भांडी घासताना वाकावे लागत नाही. घर एकदाच बांधले जाते. चुकलेल्या ओट्यापाशी मात्र वीस-तीस वर्षे उभे राहावे लागते.

आपल्याकडे शरीराची मापे घेण्याचे काम झालेच नाही, असे मात्र नाही. पूर्वी भारतातले अभियंते परदेशी माणसांच्या मापांची कोष्टके उघडून बसत. १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. शेतीसाठी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने पुढाकार घेतला. अनेक राज्यांतील शेतात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या शरीराची ७९ प्रकारची मापे आणि हातापायांची ताकद मोजून त्यांनी ती माहिती २००९ मध्ये पुस्तकरूपाने दिली. त्यात पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६३ सेंटीमीटर आणि स्त्रियांची सुमारे १५१ सेंटीमीटर आढळली. दोघांत जवळजवळ बारा सेंटीमीटरचे अंतर आहे. उंचीबरोबर हाताचा पंजा, मुठीची पकड आणि खांद्याची रुंदी यांतही फरक पडतो.

बारा सेंटीमीटर म्हणजे किती? अर्ध्या वितीहून थोडे अधिक. पण कोळपे ढकलताना दांडा अर्धी वीत उंच असला तर हात छातीपर्यंत उचलून धरावे लागतात आणि जोर लागतच नाही. अर्धी वीत खाली असला तर कंबर वाकते. विळ्याची मूठ पंजाच्या मानाने जाड असली तर बोटे अंगठ्याला भेटत नाहीत आणि निम्मी ताकद नुसती मूठ धरून ठेवण्यात जाते. फार बारीक असली तर ती तळहातात रुतते. भाताची कापणी करताना हे दिवसातून हजारो वेळा घडते. एका वेळचा त्रास अगदी किरकोळ, पण त्याला हजाराने गुणावे लागते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘वैभव’ विळा हे या दृष्टीने चांगले उदाहरण आहे. हा विळा हलका आहे. त्याच्या पात्याला करवतीसारखे दाते आहेत, त्यामुळे झटका न देता नुसते ओढले की चूड कापला जातो आणि कापणी जमिनीलगत होते. साधा विळा पुन्हा पुन्हा परजावा लागतो, तो त्रास येथे वाचतो. मोठे यंत्र नाही, इंजिन नाही, डिझेल नाही. हातात रोज असणाऱ्या एका वस्तूकडे कोणीतरी लक्षपूर्वक पाहिले, एवढेच.

रोपांच्या लावणीला मात्र इतका सोपा उपाय नाही. रोप चिखलात खोवायचे तर हात चिखलापर्यंत गेलाच पाहिजे. तिथे दांडा लावून भागत नाही, लावणीचे यंत्रच लागते. अशी यंत्रे निघाली आहेत. पण डोंगरउताराच्या लहान लहान खाचरांत ती नेणे, बांधावरून उचलणे आणि वळवणे सोपे नाही. यंत्र बनवणाऱ्याने माणसाबरोबर खाचराचेही माप घ्यायला हवे. शिवाय यंत्र आले की ते चालवायला पुरुष पुढे होतात, कारण त्याची मूठ, त्याचे वजन आणि ते सुरू करण्याची दोरी हे सारे पुरुषी ताकदीचे असते. मग वाकण्याचे काम जाते आणि त्याबरोबर बाईची मजुरीही जाते. यंत्र हलके असते, दोरीऐवजी कळ असती, तर तीच बाई यंत्र चालवू शकली असती. शरीराच्या मापाचा प्रश्न असा रोजगारापर्यंत जाऊन पोहोचतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

बाईसाठी वस्तू करायची म्हणजे पुरुषाची वस्तू लहान करायची, असाही एक गैरसमज आहे. मोटारींच्या सुरक्षेची चाचणी घेण्यासाठी माणसाएवढे बाहुले बसवून मोटार भिंतीवर आदळवतात. ही चाचणी बरीच वर्षे मुख्यतः मध्यम पुरुषाच्या बाहुल्यावर होत होती. स्त्रीचे म्हणून जे बाहुले आले, तेही बहुतांशी पुरुषाच्या बाहुल्याची छोटी प्रत होती. पण स्त्रीच्या शरीराची ठेवणच वेगळी असते. कौटिल्याचा ‘मध्यम पुरुष’ किती दूरवर गेला पाहा!

नुसत्या लांबी-रुंदीने भागत नाही, माणूस बसतो-उठतो कसा हेही पाहावे लागते. पाय गमावलेल्यांसाठी परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय मिळत. पण ते खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी होते. आपल्या शेतकऱ्याला उकिडवे बसायचे, मांडी घालायची, अनवाणी चिखलात उतरायचे. तो ते पाय खुंटीला टांगून कुबड्या घेऊनच चाले. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा ‘जयपूर फूट’ तयार केला. तो अनवाणी वापरता येतो आणि तो लावून उकिडवेही बसता येते. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्या पुरस्काराचा अर्धा मान रामचंद्र शर्मांचा होता.

साध्या चपला-बुटांचीही हीच कथा. दुकानात आपण सात नंबर, आठ नंबर मागतो, ते नंबर इंग्रजांच्या काळात आलेले. पण पायाची लांबी जुळली म्हणून रुंदी जुळतेच असे नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय माणसाचा पाय या परदेशी मापांच्या मानाने रुंद असतो, असे त्यांना आढळले. त्यावरून ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवण्यात आली. बूट बोटांना चावतो म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा आणि मग तो टाचेत ढिला होतो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कोल्हापुरी चप्पल याबाबतीत शहाणी. ती आधी करकरते, चावते, पण काही दिवसांत तिचे चामडे घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेते. मात्र गगनबावड्याच्या पावसात ती चालत नाही. तिथे पावसाळ्याचे चार महिने तिला माळ्यावरच ठेवावे लागते.

खर्चाचा मुद्दा राहिला. प्रत्येकाला वेगळी वस्तू कोणीच मागत नाही. कोळप्याच्या दांड्याला एका भोकाऐवजी चार भोके पाडली आणि बोल्ट दिला, तर दांडा चार उंचींवर बसवता येतो. याला किती खर्च येणार? बाक एका उंचीऐवजी तीन उंचींचे केले तर लाकूड आणि लोखंड तेवढेच लागते. अडचण पैशाची कमी आणि विचार करण्याच्या आळसाची जास्त आहे. शासन शेतीच्या अवजारांसाठी अनुदान देते. ते पैसे सर्वांचे आहेत. तेव्हा अनुदानातून मिळणाऱ्या प्रत्येक हत्यारावर त्याचे वजन किती, मूठ किती जाड आणि ते किती उंचीच्या माणसासाठी केले आहे, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहितात, मग विळ्यावर माप लिहायला काय हरकत आहे? आणि घेण्यापूर्वी ते बाईच्या हातात द्यावे. शेतात काम तिने करायचे आणि दुकानात जाऊन हत्यार दुसऱ्याने निवडायचे, ही पद्धत बंद व्हायला हवी.

मापे घ्यायला मोठी साधने लागतात असेही नाही. तुमच्या वर्गापुरते हे काम तुम्हीच करू शकता. चप्पल काढून खुर्चीवर किंवा बाकावर बसा. पाय टेकत नसतील तर पायाखाली पुस्तके ठेवा आणि पाऊल सपाट, गुडघा काटकोनात येईल असे पाहा. आता गुडघ्याच्या मागे जी खोबण असते तिथपासून पाऊल टेकले आहे तिथपर्यंत फूटपट्टीने मोजा. तुमच्या बाकाची उंची या मापाहून किंचित कमी हवी. वर्गातल्या सर्वांची मापे एका कागदावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा आणि शेवटी बाकाची आजची उंची लिहा. शाळेसाठी नवे बाक सांगायची वेळ येईल तेव्हा तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर असला पाहिजे.